चिरेखाणीचा आराखडा : हरकत कशावर घ्यायची?

प्रश्न : सर्वणला सड्याच्या पायथ्याशी आमचे कुळागर आहे. वर सड्यावर चुलत भावाची जमीन आहे, ती चिरेखाणीसाठी द्यायचे चालले आहे. 1.8 हेक्टरचा अर्ज गेला आहे. पाच वर्षांनी खड्डा बुजवून झाडे लावू, असे आराखड्यात लिहिले आहे. जवळच आणखी दोन चिरेखाणी चालू आहेत. जागा पाच हेक्टरांच्या आतली, म्हणून जनसुनावणी होणार नाही, असे सांगतात. झर आटली तर आमच्या पोफळी जातील. जमीन माझी नसताना मी हरकत घेऊ शकतो का? भावाचेही नुकसान व्हायला नको. — एक वाचक, सर्वण (डिचोली)

उत्तर : हरकत जरूर घेता येते. त्यासाठी जमिनीचे मालक असावे लागत नाही. पण ती आत्ताच घ्या, परवाना हातात पडेपर्यंत थांबू नका.

चिरा हे गौण खनिज. लहान चिरेखाणीला पर्यावरण दाखला लागत नाही, ही समजूत 27 फेब्रुवारी 2012 रोजीच संपली. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही दाखला सक्तीचा केला. म्हणजे खाण खात्याच्या परवानगीखेरीज राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाचा दाखलाही हवा.

जनसुनावणीबद्दल तुम्हाला सांगितले ते अर्धेच खरे आहे. एकटी खाण पाच हेक्टरांच्या आत असेल तर सुनावणी होत नाही. पण एका खाणीच्या हद्दीपासून दुसरीची हद्द 500 मीटरांच्या आत असेल, तर त्या सगळ्यांचा मिळून एक समूह धरतात आणि क्षेत्राची बेरीज करतात. बेरीज पाच हेक्टरांवर गेली की सविस्तर आघात अहवाल आणि जनसुनावणी दोन्ही लागतात. राष्ट्रीय हरित लवादाच्या 13 सप्टेंबर 2018 च्या आदेशानंतर यात फारशी पळवाट उरलेली नाही. तेव्हा आधी त्या दोन खाणींचे सर्व्हे क्रमांक, मंजूर क्षेत्र आणि परवान्याच्या तारखा माहिती अधिकारात मागवा. काही जुने किंवा बंद पट्टे बेरजेतून वगळले जातात, म्हणून तारखा महत्त्वाच्या. त्यांतली एखादी खाण परवान्याविनाच चालू असेल तर ती वेगळी तक्रार आहे, ती खाण खात्याकडे करा. बेकायदा उत्खननाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड आहे.

आता आराखडा उघडा. बहुतेक जण पहिली पाने वाचून ठेवून देतात, पण तुमचा प्रश्न शेवटच्या पानांत आहे, जिथे जमिनीचे छेद-नकाशे असतात. खड्ड्याच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची तिथे लिहिलेली असते. सर्वेअरकडून तुमच्या झरीच्या तोंडाची उंची मोजून घ्या आणि मे महिन्यातली विहिरीची पाणीपातळीही नोंदवून ठेवा. पावसाचे पाणी चिऱ्याच्या सच्छिद्र थरातून मुरते, खालच्या चिकणमातीवर अडते आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. खड्डा त्या मातीपर्यंत गेला तर पाणी खाणीत साचते, मग ते पंपाने उपसतात आणि तुमची झर कोरडी पडते. शिरगावात लोहखाणींचे खड्डे भूजलपातळीखाली गेल्यावर विहिरी-झऱ्यांचे काय झाले, हे डिचोलीत कोणाला सांगायला नको. चिरेखाण तेवढी खोल जात नाही हे खरे, पण झरीला तेवढे खोल जाण्याची गरजही नसते.

दुसरा मुद्दा बुजवण्याचा. हा हिशोब स्वतः मांडा. समजा प्रत्यक्ष खोदाई एक हेक्टरात, सहा मीटर खोल. म्हणजे 60,000 घनमीटर. टाकाऊ तुकडे आणि माती 30 टक्के दाखवली असेल तर ती 18,000 घनमीटर. उरलेले 42,000 घनमीटर कुठून येणार? सहा घनमीटरच्या ट्रकने म्हटले तर 7,000 फेऱ्या. ही माती कोणाच्या डोंगरातून, कोणत्या रस्त्याने आणि कोणाच्या खर्चाने येणार, हे आराखड्यात नसेल तर ‘पूर्ववत बुजवू’ हे आश्वासन कागदावरच राहील. डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला गोवा नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ खाली परवानगी लागते, म्हणजे ती माती आणायलाही दुसरी परवानगी आली. वरची सुपीक माती वेगळी कुठे साठवणार, हेही विचारा. तीच नसेल तर झाडे जगणार नाहीत. खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट दाखल्यात घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी सांगितले आहे. ती अट आहे की नाही, तपासा.

भावाला माझा सल्ला असा. भाड्याच्या करारात खड्डा भरण्याची जबाबदारी, मुदत आणि त्यासाठी बँक हमी लिहून घ्यावी. खाणवाला निघून गेला तर खड्डा भावाच्याच जमिनीत राहतो, आणि सहा मीटरांच्या कड्यावर काजूही लागत नाही. एक चौदाच्या उताऱ्यावर सहहिस्सेदार किंवा कूळ असेल तर त्यांच्या सह्याही आधीच घ्याव्यात.

हरकत दोन पानांची पुरे : सर्व्हे क्रमांक, अंतर, झरीची उंची, वरचा हिशोब आणि फोटो. प्राधिकरण, खाण खाते, जलस्रोत खाते आणि कारापूर-सर्वण पंचायत, चौघांनाही द्या आणि पोचप्रत घ्या. अर्जाची कागदपत्रे ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात. तरीही दाखला दिला गेलाच, तर पुण्यातील हरित लवादाच्या खंडपीठाकडे अपील करण्याची मुदत 30 दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर लवाद आणखी 60 दिवस देऊ शकतो, त्यापुढे एक दिवसही नाही. दाखल्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते, प्रत पंचायतीतही लावली जाते. यातले जे आधी होईल, त्या दिवसापासून मुदत मोजा.