माझ्या कॉम्प्युटरचं नाव कोणी बदललं?

प्रोजेक्ट सबमिशनला दोनच दिवस उरले होते. लॅबमधली चार लिनक्स मशीन्स आमच्या ग्रुपकडे होती. प्रत्येक मशीनने रात्रभर प्रोग्रॅम चालवून रीडिंग्ज सर्व्हरवर स्वतःच्या होस्टनेमच्या फाइलमध्ये लिहायची, अशी सोय मी केली होती. लॅब-४ चा पॉवर सप्लाय उडाला आणि लॅब-३ चं नेटवर्क कार्ड गेलं. म्हणून ४ चं कार्ड काढून ३ मध्ये बसवलं. सकाळी पाहतो तर काय! लॅब-३ ने आपली रीडिंग्ज लॅब-४ च्या फाइलवर लिहिलेली, जुनी सगळी पुसली गेलेली.

हा उद्योग डीएचसीपीचा. मशीन सुरू झालं की ते नेटवर्कवर ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतं. सर्व्हर आयपी ॲड्रेस, गेटवे, डीएनएस अशी माहिती पाठवतो. त्यातच १२ क्रमांकाचा एक ऑप्शन असतो, होस्टनेमचा. १९९७ च्या आरएफसी २१३२ मध्ये तो दिलेला आहे. आमच्या सर्व्हरवर नावं कार्डाच्या मॅक ॲड्रेसशी जोडलेली होती. त्यामुळे कार्डाबरोबर नावही गेलं!

पण लिनक्स हे नाव मुकाट्याने घेतं का? नेहमी नाही. नेटवर्कमॅनेजर आधी ‘ईटीसी’ डिरेक्टरीतली ‘होस्टनेम’ फाइल बघतो. तिथे नाव असेल तर तेच कायम. फाइल रिकामी असेल किंवा त्यात ‘लोकलहोस्ट’ असेल, तर डीएचसीपीचं नाव. तेही नसेल तर आयपीवरून डीएनएसला उलटं विचारतो. असं मिळालेलं नाव फक्त कर्नलच्या मेमरीत राहतं, रीबूट केलं की गेलं. आमची मशीन्स एकाच हार्डडिस्कच्या कॉप्या, त्यामुळे सगळीकडे ‘लोकलहोस्ट’च राहिलेलं.

उपाय एका ओळीचा. रूट होऊन ‘होस्टनेमसीटीएल’ कमांडला ‘सेट-होस्टनेम’ आणि हवं ते नाव द्या. नाव ६४ अक्षरांच्या आत हवं. तेच नाव ‘ईटीसी’मधल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्येही घाला, नाहीतर ‘सुडू’ कुरकुर करू शकतं.

आम्ही आणखी एक रात्र जागून लॅब-४ ची रीडिंग्ज परत घेतली. तेव्हा मित्रांनो, मशीनच्या नावावर काही अवलंबून ठेवणार असाल, तर आधी ते नाव मशीनचं स्वतःचं आहे की उसनं, एवढं बघून घ्या!