प्रश्न आपला, गुण मुलाचे

प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या संकलित चाचणीचे पेपर राज्याकडून येतात. बाकीच्या विषयांचे मात्र आपल्यालाच काढावे लागतात. आठवीपर्यंत कुणी नापास होत नव्हतं, तोवर या पेपरांकडे फारसं कुणी पाहत नसे. डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. पाचवीचा पेपर ५० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ गुण. सवलतीचे गुण आहेत, पुनर्परीक्षाही आहे, पण त्यातही राहिलं तर मूल त्याच वर्गात बसतं. अशा काठावरच्या मुलासाठी एका गुणाची रिकामी जागासुद्धा मोठी असते.

परिसर अभ्यासातली ही रिकामी जागा बघा: ‘नागपूर शहर ______साठी प्रसिद्ध आहे.’ आपल्या डोक्यात संत्री असतात. मुलाने दीक्षाभूमी लिहिलं तर? झिरो माईल? हिवाळी अधिवेशन? एखादा तर्री-पोहे लिहील आणि तेही काही खोटं नाही! उत्तरसूचीत मात्र एकच शब्द. म्हणजे ज्याला गावाची जास्त माहिती, तोच अडचणीत. त्याऐवजी सरळ विचारा, ‘नागपूर परिसरात कोणत्या फळाच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत?’

बहुपर्यायी प्रश्नात आपण एक बरोबर पर्याय लिहितो आणि उरलेले तीन घाईघाईत भरतो. आठवीच्या इतिहासाचा प्रश्न घ्या. डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा कोणत्या वर्षी घेतली? पर्याय: १८१८, १८५७, १९५६, २०१०. धडा न वाचलेला मुलगाही हा सोडवेल. आता पर्याय बदलू: १९२७, १९३०, १९३५, १९५६. १९२७ महाडचा सत्याग्रह, १९३० काळाराम मंदिराचा, १९३५ येवल्याची घोषणा. प्रश्न तोच, पण आता चुकीचं उत्तरही आपल्याशी बोलतं. वर्गात बऱ्याच जणांनी १९३५ निवडलं, तर धर्मांतराची घोषणा आणि प्रत्यक्ष धर्मांतर यांत मुलांचा घोळ होतोय, हे लगेच कळतं. मग पुढच्या तासाला काय शिकवायचं ते शोधत बसावं लागत नाही.

‘माहिती लिहा’ हा तर आपला लाडका प्रश्न. ‘नाग नदीविषयी माहिती लिहा. (३ गुण)’ किती लिहायचं? उगम, प्रवाह, प्रदूषण, की सगळंच? एक जण पानभर लिहितो, दुसरा तीन ओळी, आणि तपासताना आपण अक्षर बघून गुण देतो. हे कडू आहे, पण होतं. ‘नाग नदीचे पाणी दूषित होण्याची दोन कारणे लिहा आणि कन्हानला मिळाल्यावर त्याचा होणारा एक परिणाम सांगा’ असं विचारलं की प्रत्येक मुद्द्याला एक गुण, वाद नाही.

एक सवय मला फार उपयोगी वाटते. प्रश्न लिहिला की त्याखालीच उत्तर आणि गुणविभागणी लिहायची. उत्तर लिहिताना हात अडखळला तर प्रश्नच नीट नाही असं समजा. मग उत्तर झाकून पेपर शेजारच्या वर्गाच्या सरांना किंवा मॅडमना सोडवायला द्या. विषय दुसरा असला तर आणखी बरं. संविधान तक्ता आपण बहुतेक जण पेपर झाल्यावर भरतो (खरं सांगा!), त्यापेक्षा ही अर्ध्या तासाची तपासणी कामाची.

पेपर तपासून झाल्यावरही एक काम उरतं. ४० मुलांचा वर्ग असेल तर सर्वाधिक गुणांचे १० आणि सर्वांत कमी गुणांचे १० पेपर वेगळे काढा. प्रत्येक प्रश्न दोन्ही गठ्ठ्यांत किती जणांना आला ते मोजा. वरच्या दहांपैकी तिघांना आणि खालच्या दहांपैकी सहांना आला, असं दिसलं तर आधी तो प्रश्न आणि उत्तरसूची पुन्हा वाचा. दोष प्रश्नात किंवा उत्तरसूचीत निघाला तर तो गुण मुलांना द्या, निकालपत्रक भरायच्या आधीच. आणि तो प्रश्न पुनर्परीक्षेच्या पेपरात जसाच्या तसा पुन्हा टाकू नका.