संशोधनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी

'डॉक्टर, मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाच्या अभ्यासात नाव घाला म्हणतात. घालू का?' असे रुग्ण मला विचारतात. काही जण 'आपल्यावर प्रयोग करतील' म्हणून घाबरतात, तर काही जण औषध फुकट मिळते म्हणून लगेच सही करतात. दोन्ही योग्य नव्हे.

संशोधनामुळेच उपचार सुधारतात. १९५६ साली मद्रास येथे क्षयरुग्णांचे दोन गट करून एकाला सॅनेटोरियममध्ये, तर दुसऱ्याला घरीच औषधे देण्यात आली. घरी राहून औषधे घेणारेही जवळजवळ तितकेच बरे होतात, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज बहुतेक क्षयरोगी घरीच बरे होतात, त्याचे श्रेय त्या रुग्णांनाही आहे.

मात्र उपचार व संशोधन यांत फरक आहे. उपचारात डॉक्टर तुमच्यासाठी औषध निवडतो. संशोधनात ते बहुधा चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. काहींना औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळीही मिळू शकते.

म्हणून आधी विचारा :

१) हे औषध यापूर्वी किती माणसांना दिले? त्रास काय झाला?
२) माझी चालू औषधे थांबवावी लागतील काय?
३) किती महिने, किती खेपा? प्रवासखर्च कोण देणार?
४) रात्री-अपरात्री त्रास झाल्यास फोन कोणाला करायचा?
५) भाग न घेतल्यास कोणता उपचार मिळेल?

माझ्या एका मधुमेही रुग्णाला चालू गोळ्या काही आठवडे थांबवाव्या लागणार होत्या. ते एकटे राहतात, साखर तपासण्याची सोय जवळ नाही. त्यांनी नकार दिला. दम्याच्या एका बाईंनी सर्व विचारून होकार दिला. दोघांचाही निर्णय मला योग्य वाटला.

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. नैतिकता समितीची मंजुरी व सरकारी नोंदणी आवश्यक असते. नोंदणी क्रमांक मागून घ्या. संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत हवे आणि त्याची प्रत मिळायला हवी. वाचता येत नसल्यास त्रयस्थ साक्षीदार लागतो. संशोधनामुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाईची तरतूद आहे. अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येते. फक्त औषध परस्पर बंद न करता तेथील डॉक्टरांना सांगावे.

कागद घरी न्या, घरच्यांना व नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. विचार करायला दोन दिवस मागण्यात संकोच कसला?