मुलांचं पोट मोजा, मग मोबाइल आवरा

साहित्य: शिवणकामाची टेप, पेन्सिल, वही आणि मोकळी भिंत.

मुलाच्या अंगात चरबी जास्त आहे का, हे पाहायला वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात दिसलं, की इथली बाळं जन्मतःच इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी असतात, पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. म्हणून किरकोळ दिसणाऱ्या मुलाचंही पोट मोजावं.

१. अनवाणी, भिंतीला टाच टेकवून उंची घ्या.

२. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा. दोन्हींच्या बरोबर मध्यावर, उघड्या अंगावर टेप गुंडाळा. ती आडवी सरळ असावी, रुतू नये. मूल पोट आत ओढतंच. त्याला सहज श्वास सोडू द्या आणि तेव्हाचा आकडा घ्या. मोठ्या मुलामुलींना टेप त्यांच्या हातात द्या, चारचौघांत मोजू नका.

३. हा आकडा, म्हणजे कंबर, उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. १४० सेंटिमीटर उंचीला ७० च्या आत. पाच वर्षांपुढे हा ठोकताळा चालतो. आकडा निम्मा किंवा जास्त असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसला तर तो मळ समजून घासत बसू नका. ते इन्शुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं, तेही दाखवा.

४. आता मोबाइल. सुरुवात जेवणापासून करा, कारण खरी गोम तिथे आहे: डोळे पडद्यावर असले की पोट भरल्याचं कळत नाही आणि वाढलेलं सगळं संपतं. टीव्ही बंद, सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत, बाबांचासुद्धा. पहिले काही दिवस रडारड होईल. होऊ द्या. भरवताना फोन दाखवायची सवय आपणच लावलेली असते, मुलावर चिडू नका.

५. रात्री चार्जर बैठकीत. शाळकरी मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, तेराच्या पुढे ८ ते १०. अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

६. शाळेतून आल्यावर आधी खेळ, मग पडदा. रोज निदान ६० मिनिटं दम लागेल असं काही: लंगडी, खो-खो, सायकल.

७. तीन महिन्यांनी कंबर आणि उंची दोन्ही पुन्हा मोजा. कंबर तेवढीच राहून उंची वाढली असेल, तर प्रमाण सुधारलं आहे. वाढत्या मुलाला उपाशी मात्र ठेवू नका.