सशांच्या घरात फेरेट

भाची परळीहून अंबाजोगाईला मामांकडे आली आहे. मामांची सगळी नोकरी जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. निवृत्त झाले तरी अंगणात कुणाची ना कुणाची शेळी बांधलेली असतेच.

भाची: मामा, पुण्याच्या वहिनीच्या ओळखीत एकानं फेरेट पाळलंय. आता तो ते फुकट द्यायलाय. पिंजरा, भांडी, सगळं सामान सोबत. आणू का?

मामा: फेरेट म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?

भाची: मुंगसासारखंच की. फोटोत तर तसंच दिसायलंय.

मामा: अंगानं लांबट, एवढंच सारखं. मुंगूस मांजर-तरसाच्या बाजूचं, फेरेट पाणमांजराच्या कुळातलं. शिवाय मुंगूस रानातलं जनावर. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळता येत नाही. उसाच्या फडात पिल्लू सापडलं तर दूध पाजत बसायचं नाही, वनविभागाला कळवायचं. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञीचं वन्यप्राणी पुनर्वसन केंद्र आहे, त्यांनाही विचारता येतं. फेरेटचं तसं नाही. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी जनावरापासून माणसानं ते दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसाळवलं. कशासाठी, सांग बरं?

भाची: उंदरांसाठी?

मामा: सशांसाठी. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलकारानं स्पेनकडची हकिकत लिहून ठेवलीय. सशांनी पिकांचा फडशा पाडला की लोक या जनावराच्या तोंडाला मुसकं बांधून त्याला बिळात सोडायचे. ससे घाबरून बाहेर पडले की धरायचे. आणि तुझ्या धाकट्यानं माळवदावर काय पाळलंय?

भाची: ससे. दोन.

मामा: मग झालं ना. इतकी वर्षं ज्या कामासाठी वाढवलं, ते तुझ्या पिंजऱ्यात आल्यावर विसरणार आहे का? ससे, कोंबड्या, पोपट यांची त्याच्याशी ओळख करून द्यायचीच नाही. नुसता वास आला तरी ससा धसका घेतो. मजला वेगळा, हात धुवूनच इकडून तिकडे जायचं. हे जमणार नसेल तर पुढचं बोलूच नको.

भाची: ससे आत्याकडे देता येतील. पण मोती आणि मनीचं काय?

मामा: मांजराचं सहसा जमतं. मोठं मांजर एकदा फिस्कारतं, पंजा मारतं, मग आपली हद्द ठरवून गप्प बसतं. कुत्र्याची जात आणि स्वभाव बघावा लागतो. फेरेट खुशीत आलं की पाठ वाकवून आडवं-तिडवं उड्या मारतं, मानेला धरून ओढतं. कुत्र्याला तो हल्ला वाटतो. मोती घुशी मारतो ना?

भाची: मागच्या पावसाळ्यात रोज एक.

मामा: मग मोतीच्या भरवशावर त्याला एक मिनिटही सोडायचं नाही. पहिले दोन आठवडे वेगळी खोली. त्यात आजारही कळतो. मग एकाचं अंथरूण दुसऱ्याला हुंगायला द्यायचं. मग जाळीआडून भेट, मग मोती साखळीला आणि फेरेट तुझ्या हातात. पण खरं सांगू, मला मोतीच्या दातांपेक्षा त्याच्या नाकातल्या पाण्याची भीती जास्त.

भाची: म्हणजे?

मामा: डिस्टेंपर. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांत तो फिरत असतोच. दहा कुत्र्यांना झाला तर काही तरी वाचतात. फेरेट जवळपास वाचतच नाही. मोती दिवसभर गल्लीत हुंदडून येणार आणि रात्री त्याच्या शेजारी झोपणार, हे चालायचं नाही. आधी मोतीची लस पूर्ण कर.

भाची: मग फेरेटलाही तीच लस टोचू.

मामा: तिथंच लोक फसतात! कुत्र्याच्या काही लसींतल्या जिवंत विषाणूनं फेरेटला तोच आजार होऊ शकतो. मेडिकलमधून बाटली आणून टोचायचा हा प्रकार नाही. परभणीला, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आधी फोन करून विचार की फेरेट कोण बघतं. आणखी एक. तुला सर्दी-ताप असेल तर त्याच्याजवळ जायचं नाही.

भाची: माणसाची सर्दी त्याला होते?

मामा: माणसाचा फ्लू होतो. १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी फ्लूचा विषाणू पकडला तो फेरेटमुळेच. आजारी माणसाच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात घातलं, तर ती शिंकायला लागली. पुढं एक फेरेट विल्सन स्मिथ या शास्त्रज्ञाच्या तोंडावर शिंकलं आणि त्यालाही फ्लू झाला! त्या विषाणूला त्याच्याच नावाची आद्याक्षरं दिली, डब्ल्यूएस.

भाची: बापरे. बरं, खायला काय? आमच्याकडं आई घरात मटण शिजवू देत नाही.

मामा: शिजवायचं कशाला? पण मांसच लागतं. दूध-भाकरीवर जगणारं पोट नाही ते. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून थोडं थोडं पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. आधीचा मालक जे देतो तेच आठवडाभर दे. लहानपणी जे खाल्लं तेच अन्न, असं ते समजतं. आणि रबराची चप्पल, खोडरबर, रिमोटची बटणं उचलून ठेव. गिळलं की आतडं बंद होतं, मग पोट फाडावं लागतं.

भाची: एवढंच ना?

मामा: एवढंच कसं? परळीचा मे महिना विसरलीस? फेरेटला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. तीसच्या आसपास पारा गेला की ते धापा टाकायला लागतं, तुमच्याकडं चाळिशी ओलांडते. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात त्या गावातही लाईट जाते, तेव्हा काय करशील?

भाची: कूलर आहे.

मामा: लाईट गेल्यावर?

भाची: (गप्प)

मामा: खालच्या मजल्यावर दगडी भिंतीची खोली आहे ना, ती दे. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेव. आणि आत्ता उन्हात पुण्याहून गाडीत आणू नको, पाऊस पडू दे.

भाची: नाहीच जमलं तर बालाघाटच्या डोंगरात सोडून देऊ.

मामा: हे पुन्हा बोलू नकोस. न्यूझीलंडनं १८८०च्या दशकात सशांसाठी फेरेट रानात सोडली. त्यांनी तिथले जमिनीवर राहणारे पक्षीच संपवायला घेतले. शेवटी २००२ मध्ये त्यांची विक्री आणि पैदासच बंद करावी लागली. इथं पाटोद्याच्या नायगावात मोरांचं अभयारण्य आहे, तिथं मोरांची अंडी खायला पाठवायचंय का? किंवा सोडलेलं फेरेट चार दिवसांत भुकेनं मरायचं.

भाची: मग त्या माणसाला विचारू तरी काय?

मामा: ते का देतोय, हे पहिलं. बदली झाली, लग्न ठरलं, असं सगळेच म्हणतात. चावतं म्हणून देतोय का, वास सहन होत नाही म्हणून, की आजारी आहे म्हणून? चावणं बहुतेकदा भीतीनं असतं, सवयीनं कमी होतं. वय विचार. पाच ते आठ वर्षं जगतं ते. तीन-चार वर्षांचं असेल तर शेपटीचे केस गळलेत का, मध्येच सुस्त पडून लाळ गाळतं का, ते बघ. ग्रंथींचे आजार याच वयात दिसतात. दवाखान्याचे कागद आणि खरेदीची पावती हवीच. आणि नर की मादी?

भाची: मादी. वहिनी म्हणाली, अजून पिल्लं झाली नाहीत.

मामा: नसबंदी केलीय?

भाची: ते विचारलं नाही. एवढं महत्त्वाचं आहे का?

मामा: या जातीची मादी माजावर आली आणि नराशी संग झाला नाही, तर माज आपोआप उतरत नाही. अंगात वाढलेलं इस्ट्रोजेन हाडातला मगज जाळतं, नवं रक्त बनायचं थांबतं आणि ती मरते. दिवस मोठे व्हायला लागले की माज सुरू होतो. आता कोणता महिना आहे?

भाची: एप्रिल.

मामा: मग फोन लाव. आत्ताच. तुला द्यायची की नाही ते नंतर ठरवू, आधी त्याला सांग, आज दवाखान्यात घेऊन जा.