बॅटरी उघडून पाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटू नका

विजेवरच्या होडीचा नाद असणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितो आहे. खरं सांगायचं तर संताप अजून उतरलेला नाही, म्हणूनही लिहितो आहे. ज्याने मला कुठल्यातरी गाडीतून काढलेल्या जुन्या सेलना नवी निळी स्लीव्ह चढवून ‘कोरी करकरीत’ बॅटरी म्हणून विकली, तो आजही दुकान थाटून बसला आहे. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की या माणसाला वायरिंग जमलं नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून त्याचं नाव घेत नाही. घडलं ते मात्र सांगणार.

होडी चौदा फुटी, फायबरची. जुन्या पेट्रोल आउटबोर्डचं वरचं इंजिन उतरवायचं, पाय तसाच ठेवायचा आणि उभ्या शाफ्टवर बीएलडीसी मोटर बसवायची, हा आता अनेकांनी रुळवलेला मार्ग आहे. माझी मोटर ४८ व्होल्टची, २ किलोवॉटची. मधला कपलर लेथवाल्याने इतका नेमका वळून दिला की पंखा हाताने फिरवला तर कुठे कचकच लागत नाही. खाडीत फिरायला १ किलोवॉट पुरतो. तेवढ्यावर होडी ताशी सात-आठ किलोमीटर जाते. त्याहून वेग हवा असेल तर वीज अवाच्या सवा लागते, कारण अशा होडीला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सगळा हिशेब बॅटरीवर येतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे १६ सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्ट. सेल १०० अँपिअर-तासांचे असले तर ५.१२ किलोवॉट-तास. पाचवा हिस्सा राखून ठेवला तरी चार तास हाताशी. हा हिशेब मी त्या विक्रेत्याला कागदावर मांडून दाखवला होता. बॅटरी होडीसाठी हवी आहे, खाऱ्या पाण्यावर जाणार आहे, हे व्हॉट्सॲपवर लिहूनही दिलं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे : “बिनधास्त घ्या सर. पाच वर्षं बघायला नको.” पैसे पाऊण लाखाच्या घरात गेले.

आंजर्ल्याच्या खाडीचं तोंड ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. गाळ साचून तिथे वाळूचा दांडा तयार होतो आणि ओहोटीला त्यावर लाटा फुटतात. पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस होते, ओहोटी लागली होती, मी आणि भाचा परत फिरलो होतो. निघून दोन तास होत आले होते, म्हणजे निम्मी बॅटरी शिल्लक असायला हवी होती. मीटर ५१ व्होल्ट दाखवत होता. आणि एका क्षणात मीटर काळा पडला, मोटर थांबली, होडी उलटी दांड्याकडे निघाली. आधी आवाज बदलणं नाही, वेग मंदावणं नाही, काही नाही.

वल्ही होती, नांगर होता, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होती. नांगर टाकला, तो धरला. हर्णैच्या बाजूने येणाऱ्या एका मच्छीमार नौकेच्या तांडेलाने दोर फेकला आणि आम्हाला आत ओढून आणलं. त्या माणसाने चहासुद्धा घेतला नाही. आणि ज्याने पाऊण लाख घेतले, त्याने दुसऱ्या दिवशी फोन उचलला तो “पाणी गेलं असणार सर” असं म्हणतच. बॅटरी बघितली नाही, काय झालं विचारलं नाही, निकाल देऊन मोकळा.

पाणी गेलं नव्हतं, आणि ते मी सिद्ध करू शकत होतो. त्याचा पत्र्याचा खोका मी रबरी गास्केटच्या मोठ्या प्लास्टिक पेटीत बसवला होता आणि आत निळ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या. हे दाणे ओल शोषली की गुलाबी होतात. पेटी उघडली तेव्हा पुडीतला दाणा न् दाणा निळा होता. भाच्याने त्याचा व्हिडिओ काढला. तो पाठवल्यावर विक्रेत्याचं म्हणणं बदललं : “मग तुमच्या मोटरने जास्त करंट ओढला.” कंट्रोलरची मर्यादा ६० अँपिअरवर लावलेली होती, त्याच्याच बीएमएसवर, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटवर, १०० लिहिलेलं होतं. तेही पाठवलं. त्यानंतर निळ्या टिका दिसायच्या, उत्तर नाही.

मग खोका उघडला. वरच्या सेलची स्लीव्ह एका कोपऱ्यात फुगलेली दिसली. कटरने जपून चिरली, तर खाली जुन्या दुहेरी चिकटपट्टीचे तपकिरी डाग. टर्मिनलवर पूर्वीच्या लेझर वेल्डिंगचे व्रण ग्राइंडरने घासलेले, आणि त्यावर नवे स्टड बसवलेले. सेलवर कारखान्याचा क्यूआर कोड असतो. तो होता तिथे फक्त खरवडलेला चौकोन. काही सेलचं पोट फुगलेलं. खाडीच्या तोंडावर भीती वाटली होती, पण हात थरथरले ते त्या खरवडलेल्या चौकोनाकडे बघताना. कारण तिथे कुणीतरी बसून, हत्यार घेऊन, विचारपूर्वक पुरावा पुसला होता. निष्काळजीपणा असता तर मी एवढा पेटलो नसतो.

प्रत्येक सेल टेस्टरला लावून २० अँपिअरने रिकामा केला. १०० चा सेल पाच तास चालायला हवा. सगळ्यात बरा निघाला तो ८१ अँपिअर-तासांचा, सगळ्यात वाईट ५६ चा; तो पावणेतीन तासांत संपला. ओळीने जोडलेल्या सेलमधला सगळ्यात दुबळा सेल २.५ व्होल्टला टेकला की बीएमएस सगळीच बॅटरी तोडतो. बाकीच्या पंधरांमध्ये वीज असली तरी ती तुमच्या उपयोगाची नाही. मीटर ५१ व्होल्ट दाखवत असताना होडी का थांबली, त्याचं हे उत्तर.

एवढं दाखवल्यावर त्याने शेवटचा पवित्रा घेतला : “सर, पाण्यात बॅटरी चालतच नाही.” विकताना हे सुचलं नव्हतं. १८३८ मध्ये याकोबीने सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीवर बॅटरीची होडी चालवली. १८८१ मध्ये त्रूवेने पॅरिसच्या सेन नदीत सुट्टी काढता येणारी विजेची मोटर लावून होडी हाकली. केरळात वैक्कमची ‘आदित्य’ ही ७५ उतारूंची सौर फेरी २०१७ पासून बॅटरीवर धावते, आणि २०२३ पासून कोचीची वॉटर मेट्रोही. पाण्यात बॅटरी उत्तम चालते. झिजलेले सेल पाण्यातही चालत नाहीत आणि जमिनीवरही नाहीत.

आता जे नव्याने बनवायला घेणार आहेत त्यांच्यासाठी.

पैसे देण्याआधी खोका उघडायला लावा. टर्मिनल घासलेलं आहे का, क्यूआर कोड शाबूत आहे का, स्लीव्ह आत-बाहेर दुहेरी आहे का, हे भिंगाशिवायही दिसतं. वजन करून बघा : १०० अँपिअर-तासांचा खरा फॉस्फेट सेल दोन किलोच्या आसपास भरतो. पण जुना सेलही तेवढाच भरतो, म्हणून वजनावर विसंबू नका. क्षमतेची चाचणी हाच खरा पुरावा. विक्रेत्यासमोर २० अँपिअरने बॅटरी रिकामी करा आणि किती अँपिअर-तास निघाले ते बिलावर लिहून घ्या. पाच तास बसावं लागेल, बसा.

बिल जीएसटीचंच घ्या. त्यावर ‘नवीन सेल’, रसायन, क्षमता आणि ‘होडीसाठी’ हे शब्द हवेत. बोलणं फोनवर झालं तरी नंतर लिहून पाठवा. आज माझ्या बाजूने जे काही आहे, ते त्या लिहिलेल्या ओळींमुळे आहे.

व्होल्टमीटरवर फॉस्फेट बॅटरी कळत नाही. जवळजवळ शेवटपर्यंत तिचा व्होल्टेज सपाट राहतो आणि मग कड्यावरून पडतो. किती अँपिअर-तास आत गेले, किती बाहेर आले हे मोजणारा शंटचा मीटर लावा, आणि प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोबाइलवर दाखवणारा बीएमएस घ्या. मुख्य फ्यूज बॅटरीच्या टर्मिनललगत हवा. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं होतं. ‘आयपी६७’ या शिक्क्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढाच, आणि ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. सेल हाताळताना पान्याला टेप गुंडाळा, अंगठी-कडं काढून ठेवा. शॉर्ट झालेला मोठा सेल हजारांत अँपिअर ओततो.

विजेचा सर्फबोर्ड बनवणाऱ्यांनी याहून जास्त जपावं. तिथे करंट मोठा असतो, जागा बंदिस्त असते आणि बॅटरी तुमच्या पायाखाली असते. वजन वाचवायला निकेलवाले सेल वापरले तर ते फॉस्फेटपेक्षा लवकर पेट घेतात. बॅटरी बोर्डाबाहेर काढून, घराबाहेर चार्ज करा, आणि झोपेत कधीही नाही. रिमोटचा संपर्क तुटला की मोटर थांबलीच पाहिजे. हे पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावर तपासा. गोल १८६५० सेलवर ५००० मिलिअँपिअर-तासांच्या वरचा आकडा दिसला तर तो खोटा आहे, पुढे बोलूच नका.

बाकी नेहमीचंच : एकट्याने जाऊ नका, भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, शक्यतो भांगाच्या दिवसांत चाचण्या घ्या, वल्हं आणि नांगर होडीत असूच द्या. नोंदणीचं काय ते मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात विचारा.

फसलात तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. समोरचा ‘हे व्यापारी कारणासाठी घेतलं’ असं म्हणून निसटायला बघतो. माझ्यावरही तेच अस्त्र टाकलं आहे. स्वतःच्या वापरासाठी घेतल्याचं आधीपासून लेखी ठेवा.

मी दुसरीकडून नवी बॅटरी घेतली, दुकानातच रिकामी करून, मोजून. तीच मोटर, तीच वायर, तोच कंट्रोलर, तोच पंखा. होडी हिशेबाप्रमाणे चालते आहे. माझ्या वायरिंगबद्दल जे बोलले त्यांना एवढं उत्तर पुरे. आणि तुम्हाला एकच सांगणं : जो विक्रेता तुमच्यासमोर खोका उघडायला तयार नाही, त्याला एक पैसाही देऊ नका.