फिंचच्या जोड्या आणि वरचे मडके

गेल्या श्रावणात आपल्या शाळेच्या पक्षिगृहात एक नर फिंच मेला, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. सोमवारी सकाळी कुलूप उघडले तेव्हा तो कोपऱ्यात जमिनीवर पडलेला होता. डोक्यामागची आणि पाठीवरची पिसे उपटलेली होती. लहान वर्गांनी लगेच निकाल लावला. त्याला मारणाऱ्या नराचे नाव 'गब्बर' पडले आणि गब्बरला हाकला, अशी मागणी झाली. पालक सभेत तर सगळेच पक्षी देऊन टाकावेत, अशी सूचना आली. विश्वस्तांनी निर्णय दिवाळीनंतर घ्यायचे ठरवले आहे. त्याआधी नेमके काय घडले ते सर्वांना कळावे, म्हणून हा लेख.

आपले पक्षी झेब्रा फिंच जातीचे आहेत. मूळचे ऑस्ट्रेलियातले, पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. (आपल्याकडची लाल मुनिया याच कुळातली, परंतु ती रानपक्षी असल्याने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाळता येत नाही, हे ध्यानात ठेवा.) नराच्या गालावर नारिंगी डाग, छातीवर काळे पट्टे आणि चोच लालभडक असते. मादी करडी, तिची चोच नारिंगी. हा पक्षी थव्याने राहतो. रानातसुद्धा जवळजवळच्या झुडपांत अनेक जोड्या घरटी करतात. मग तो भांडतो कशासाठी? तो मोठा मुलूख राखत नाही, राखतो ते आपले घरटे आणि आपली जोडीदारीण. रानात हरलेला पक्षी उडून पुढच्या झुडपात जातो. आपल्या सहा फुटी जाळीत तो जाणार कुठे?

आठवीच्या एका विद्यार्थिनीने आठवडाभर मधल्या सुटीत वही घेऊन टिपणे केली. ती वाचल्यावर माझे डोळे उघडले. गब्बरचे जवळजवळ सगळे पाठलाग पत्र्याखालच्या सर्वांत वरच्या मडक्यापासून हातभर अंतरात झाले होते. फिंचना उंचावरची जागा आवडते. आम्ही चार मडकी चार उंचींवर टांगली होती, म्हणजे सर्वांना हवे असे मडके एकच. दाण्याची वाटी नेमकी त्याच्याच खाली. नर चार आणि माद्या तीन, त्यामुळे एक नर कायमचा एकटा आणि दुसऱ्याच्या जोडीत घुसणारा. शिवाय मेलेला नर इतरांनंतर दोन आठवड्यांनी आणून थेट आत सोडला होता. तोपर्यंत बाकीच्यांनी जागा वाटून घेतल्या होत्या. गब्बरचा यात दोष किती, आणि मांडणी करणाऱ्या माझा किती, ते तुम्हीच ठरवा.

नर-मादी समसमान हवेत, हे तर झालेच. लहान पक्षिगृहात दोन जोड्या मात्र ठेवू नयेत. बलवान जोडी मग दुसऱ्या एकाच जोडीच्या मागे लागते. एकच जोडी ठेवावी, नाहीतर जागा असल्यास तीन किंवा अधिक, म्हणजे राग विभागला जातो. मडकी जोड्यांच्या दुप्पट, सगळी एकाच उंचीवर, मध्ये फांद्यांचा आडोसा. दाणापाणी दोन ठिकाणी. सर्व पक्षी एकाच दिवशी सोडावेत. नवा पक्षी आणलाच तर आठवडाभर शेजारी छोट्या पिंजऱ्यात ठेवून मगच आत न्यावा.

जोडी कोणी लावायची? आम्ही रंग पाहून लावत होतो. जर्मनीतील मॅक्स प्लँक पक्षिविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली याच पक्ष्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माद्यांना वीस नरांतून जोडीदार निवडू दिला. मग निम्म्या जोड्या तशाच ठेवल्या आणि निम्म्या मोडून अदलाबदल केली. स्वतः निवडलेल्या जोड्यांची ३७ टक्के अधिक पिल्ले जगली. लादलेल्या जोड्यांत फलित न झालेली अंडी जास्त होती आणि उबल्यानंतर मेलेली पिल्लेही जास्त. तेव्हा आधी थवा एकत्र ठेवावा, कोण कोणाला खेटून बसतो आणि मानेची पिसे साफ करतो ते पाहावे. तीच जोडी.

नर गात, उड्या मारत मादीजवळ जातो ती मनधरणी. थोडा पाठलाग, चोचीला चोच भिडवणे यानेही घाबरून जाऊ नये. परंतु एखादा पक्षी जमिनीवर दबून बसला, दाण्याजवळ येईना, किंवा पाठ उघडी दिसली, तर उद्यावर टाकू नये, त्याच दिवशी हलवावे. हल्लेखोराला आठ-दहा दिवस बाहेर ठेवून दांड्या आणि मडक्यांच्या जागा बदलल्या, तर परतल्यावर तो स्वतःच नवखा ठरतो. त्याच्या मडक्यात अंडी असतील तर मात्र त्याला काढू नये, कारण नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात. तेव्हा मार खाणाऱ्यालाच बाहेर घ्यावे.

अंडी साधारण १२ ते १४ दिवसांत उबतात. अंडी घातल्यावर काथ्या आणि गवत काढून घ्यावे, नाहीतर ही मंडळी अंड्यांवरच नवा थर रचतात! पिल्ले पाच-सहा आठवड्यांची होऊन स्वतः राळे टिपू लागली (येथील दुकानांत 'कांग' मागा) की वेगळी करावीत. पुढच्या विणीच्या तयारीत असलेला बाप त्यांना हाकलू लागतो. आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हात जोड्या मुळीच लावू नयेत.

विश्वस्तांनी संमती दिली तर दिवाळीनंतर तीन जोड्या आणि सहा मडकी, अशी मांडणी करू. अडचण एकच उरते, रविवारची. तो नर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत कोणाच्याही नजरेस पडला नव्हता. शाळेजवळ राहणाऱ्या दोन पालकांनी आळीपाळीने रविवारी सकाळी पंधरा मिनिटे यावे, अशी विनंती आहे. किल्ली कार्यालयात मिळेल, आणि छोटा पिंजरा जाळीशेजारीच धुऊन ठेवला आहे.